पोलंडच्या मुलांच्या इंग्रजी शिबिराला जाताना

पोलंडमधल्या एखाद्या मंडळीच्या (चर्चच्या) उन्हाळी शिबिरात मुलांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून जायचं नक्की झालं की बॅगेआधी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या, म्हणजे आपल्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्याच्या, मागे लागा. पोलंडमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची, अगदी स्वयंसेवकाचीसुद्धा, कायद्याने तपासणी होते आणि परदेशी माणसाला आपल्या देशाचा दाखला द्यावा लागतो. गेल्या २० वर्षांत आखातात किंवा आणखी कुठे राहिला असाल तर तिथलाही काढा. शपथबद्ध अनुवादकाकडून त्याचं पोलिश भाषांतर करून घ्यायला वेळ जातो, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. शिबिराची बालसुरक्षेची लेखी नियमावली मागवून नीट वाचा. ऑगस्ट २०२४ पासून ती असणं सक्तीचं आहे. मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही, स्वतःजवळची औषधाची गोळी द्यायची नाही, एवढं तर अंगवळणीच पडायला हवं. आईबाप आपलं लेकरू आपल्या हवाली करतात, म्हणून मला हे सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं.

शेंगेन व्हिसाचा (पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. निमंत्रणपत्रात स्वयंसेवेचा स्पष्ट उल्लेख असू द्या. अर्जावर पर्यटन लिहून मोकळं होऊ नका.

शाळांना सुट्टी जूनअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत. उन्हाळा म्हटला तरी तळ्याकाठच्या रात्री गार असतात आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून स्वेटर, रेनकोट आणि घरात घालायच्या सपाता घ्या. गवतातून, रानातून फिरताना गोचिडी चिकटतात, त्यांच्यातून आजार पसरतात. लांब पँट, फिकट मोजे, बारीक टोकाचा चिमटा घ्या आणि रोज संध्याकाळी अंग तपासा. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांना वेळेत विचारा. पैसे झ्लॉटीत लागतात. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, तेव्हा कार्डशीट, डिंक, स्केचपेन शनिवारीच आणून ठेवा.

आता शिकवण्याचं. या मुलांना शाळेत पहिलीपासून इंग्रजी असतं आणि आठवीच्या परीक्षेसाठी व्याकरण घोटून घेतलेलं असतं. अडतं ते बोलताना. पोलिशमध्ये इंग्रजीतल्या ‘ए’ आणि ‘द’सारखी उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत. ती अडचण आपण स्वतः भोगली आहे, म्हणून दर वाक्याला टोकू नका. मी तर लगोरी न्याच म्हणेन. सात चपट्या दगडांऐवजी लाकडी ठोकळेही चालतात, चेंडू मात्र मऊ हवा. अट एकच, ओरडायचं ते इंग्रजीतून: ‘थ्रो’, ‘रन’, ‘बिहाइंड यू’. ठोकळे कोसळले की लाजरं पोरही चूक-बरोबर विसरून ओरडतं, आणि एकदा तोंड उघडलं की दुपारच्या गटात ते आपणहून बोलतं. नावांची यादी आधी मागवून उच्चार बसवा. याकुबला सगळे कुबा म्हणतात, काताझिनाला काशा. कोणाला काय आवडतं ते पहिल्याच दिवशी विचारा.

मोठ्या मुलांसाठी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा नकाशा आणि छावणीची जुनी छायाचित्रं बरोबर असू द्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरचं स्मारक वॉर्सातही आहे. आपण कुठून आलो हे सांगायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. गटात युक्रेनची मुलंही असू शकतात. वडील कुठे आहेत, घर कसं आहे, असं खोदून विचारू नका; ती सांगतील तेव्हा ऐका.

देश मुख्यतः कॅथलिक आहे. बोलावणारी मंडळी बहुधा छोटी, प्रोटेस्टंट असेल. मरियेविषयी, संतांविषयी वाद काढायला आपण जात नाही. शिबिर ख्रिस्ती आहे, रोज शास्त्रपाठ आणि प्रार्थना असते, हे पालकांच्या फॉर्मवर स्वच्छ छापलंय का ते बघा, नसेल तर छापायला सांगा. इंग्रजीच्या आडून प्रभूचं नाव सांगणं मला पटत नाही. ज्याला प्रार्थना करायची नाही तो शांत बसला तरी चालेल, हे पहिल्या संध्याकाळीच सर्वांना सांगा. तुमची साक्ष, म्हणजे विश्वासाचा तुमचा अनुभव, पाच मिनिटांची, छोट्या वाक्यांची लिहा आणि आदल्या रात्रीच दुभाष्याच्या हातात द्या, म्हणजे शास्त्रातले शब्द त्याला पोलिश बायबलमधून काढून ठेवता येतील.