लहानपणीच्या केसमुळे बंदुकीचा परवाना नाकारला? मग हे करा

भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातो. म्हणून दक्षिण कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारे आजही आहेत. वडील थकले, आता परवाना आपल्या नावावर घ्यावा म्हणून मुलगा अर्ज करतो आणि नेमकी सोळाव्या वर्षीची जुनी भानगड आडवी येते. जत्रेत मारामारी झालेली, कुणाचं तरी नाक फुटलेलं, बाल न्याय मंडळानं समज देऊन प्रकरण मिटवलेलं. घरचेही ते विसरून गेलेले असतात. मग दहा वर्षांनी पोलीस अहवालात दोन ओळी येतात: 'अर्जदाराविरुद्ध गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) अमुक दाखल होता. परवान्यास शिफारस नाही.'

इथं बहुतेक जण गप्प घरी येतात. 'आपल्यावर केस होती, आता कसला परवाना!' हा समज चुकीचा आहे. या बाबतीत कायदा अर्जदाराच्या बाजूनं बराच झुकलेला आहे. फक्त तो अर्जदारालाच कागदावर दाखवून द्यावा लागतो, कारण टेबलापलीकडचा माणूस स्वतःहून ते कलम उघडून बघेल याची खात्री नाही.

आपल्याकडे बंदूक विकत घेणं म्हणजे आधी परवाना मिळवणं. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दुकानदार बंदूक विकू शकत नाही. त्यामुळे सगळा झगडा दुकानात नव्हे, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे होतो.

पहिलं काम: नकाराचं कारण लेखी घ्या

'साहेबांनी रिजेक्ट केलंय' या तोंडी निरोपावर काहीही करता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४(३) प्रमाणे परवाना नाकारताना अधिकाऱ्यानं कारणं लिहून ठेवायची असतात आणि अर्जदारानं मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यायचं असतं. ते देणं सार्वजनिक हिताचं नाही असं अधिकाऱ्याचं मत असेल तरच अपवाद. तेव्हा साध्या कागदावर अर्ज लिहा, आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच पुढं अपिलात लागते. काही हाती आलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात आदेशाची आणि पोलीस अहवालाची प्रत मागा.

कारण हाती आलं की त्यातले शब्द नीट वाचा

नकार साधारण तीन वाटांनी येतो. पहिली वाट शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ ची. २१ वर्षं पूर्ण नसणं, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून कैदेची शिक्षा झालेली असणं (ही अडचण शिक्षा संपल्यावर पाच वर्षं राहते), किंवा शांतता राखण्याचा बाँड (हमीपत्र) लिहून दिलेला असून त्याची मुदत चालू असणं. दुसरी वाट 'कोणत्याही कारणास्तव अपात्र' अशी मोघम. तिसरी 'सार्वजनिक शांतता व सुरक्षितता'.

लहानपणीचं प्रकरण कलम ९ मध्ये बसतच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४(१) सांगतं की ज्या बालकाचं प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलं, त्याला इतर कोणत्याही कायद्यात दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. २००० च्या जुन्या कायद्यातही कलम १९ मध्ये हेच होतं. अपवाद एकच आणि तो मोठा आहे. वय १६ ते १८, गुन्हा निर्घृण स्वरूपाचा, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, आणि बाल न्यायालयानं प्रौढ समजून खटला चालवून दोषी ठरवलं असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. तुमचं प्रकरण त्यात मोडत असेल तर आधी वकील गाठा.

खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वाटेवर असते. 'अपात्र' आणि 'शांतता' हे शब्द रबरासारखे आहेत. बंदुकीचा परवाना हा मूलभूत हक्क नाही, हेही न्यायालयांनी सांगितलेलं आहे. पण त्या मोघम शब्दांच्या पोटात फक्त ती एक जुनी केस असेल, तर कायद्यानं पुढच्या दारानं बाहेर काढलेली गोष्ट मागच्या दारानं आत घेतली, असा तुमचा मुद्दा होतो. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. अल्पवयात झालेल्या आरोपावरून नोकरी नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं. ते प्रकरण 'भारत सरकार विरुद्ध रमेश बिष्णोई'. परवाना आणि नोकरी एक नव्हे, पण तत्त्व तेच, म्हणून अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा.

वयाचा कागद

घटना घडली त्या दिवशीचं वय मोजतात. गुन्हा नोंदवल्याचा, अटकेचा किंवा निकालाचा दिवस नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेत घालताना वय दोन वर्षांनी इकडंतिकडं करण्याची आपली जुनी खोड इथं नडते. दोन कागदांत दोन तारखा निघाल्या तर आधी त्याचा निकाल लावा.

मंडळाचा आदेश

जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत मागा. समज दिली, समुपदेशनाला पाठवलं, परिविक्षेवर (देखरेखीखाली) सोडलं की निर्दोष ठरवलं, हे त्यात स्पष्ट असतं. नोंद सापडत नाही असं उत्तर आलं तर घाबरू नका. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अशा नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून नंतर नष्ट करायच्या असतात. 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढं पत्र मिळालं तरी ते तुमच्या कामाचं आहे. मंडळाकडची नोंद नष्ट झाली आणि पोलिसांच्या संगणकात ती जिवंत राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

पोलीस अहवाल

माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथं लावावा, कारण पुढचे सगळे आदेश याच कागदावर उभे राहतात. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४(२) पोलिसांना थेट बजावतं की निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकरणालाही तोच नियम आहे. म्हणजे ती 'गु.र.नं.' ची ओळ अहवालात यायलाच नको होती. पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या, वयाचा दाखला आणि मंडळाचा आदेश जोडा, ती नोंद वगळून सुधारित अहवाल पाठवण्याची विनंती करा. ठाण्यातल्या हवालदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्यानं संगणकावर नाव टाकलं, समोर जे आलं ते लिहिलं.

याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारा: अठरा पूर्ण झाल्यावर आपल्यावर काही झालंय का? बांधाच्या भांडणातली एखादी चॅप्टर केस (पोलिसांची प्रतिबंधक कारवाई), निवडणुकीच्या वेळी लिहून दिलेला बाँड? अडचण लहानपणीच्या केसची वाटते आणि खरा खोडा या कागदाचा असतो.

अपील

शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत टाका. उशीर झालाच तर कारण सांगून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. अपिलासोबत मूळ आदेश, कारणांचं निवेदन आणि फी लागते. निर्णयाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. मजकूर लांबलचक नको. गाभा एवढाच:

'सदर घटनेच्या दिवशी माझे वय १६ वर्षे ४ महिने होते. शाळेचा दाखला सोबत जोडला आहे. बाल न्याय मंडळाने ते प्रकरण समज देऊन निकाली काढले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४(१) नुसार त्यामुळे मला कोणतीही अपात्रता लागत नाही व कलम ७४(२) नुसार ते पडताळणी अहवालात नमूद करता येत नाही. त्यानंतर माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा किंवा प्रतिबंधक कारवाई नाही. नकाराच्या आदेशात याखेरीज दुसरे कारण दिलेले नाही.'

शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच लिहा. अर्जाच्या नमुन्यातही तसंच. 'दोषी ठरला आहात का' असा प्रश्न असेल तर मंडळाची समज म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असा असेल तर खोटं लिहू नका. घटना लिहा आणि पुढं कलम २४ लिहा. माहिती दडवून मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो, आणि तेव्हा बाजू सावरणं फार अवघड जातं.

ठासणीच्या बंदुकीसाठी आणखी एक गोष्ट जमेची. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला सबळ कारण पटवून द्यावं लागतं. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याबद्दल त्याच अधिनियमाच्या कलम १३(३) ची भाषा बरीच सैल आहे. म्हणून सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे अपिलाला जोडाच.

अपील फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. गोव्यातल्यांसाठी पणजीजवळ पर्वरीला खंडपीठ आहेच. पण खर्चाचा हिशेब करा. नकाराचा आदेश मोघम असेल आणि पोलीस अहवाल सुधारून मिळत असेल, तर नव्यानं अर्ज करणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

आणि परवाना मिळाला म्हणून लगेच डुकरावर बार टाकायचा नाही. त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते. तोवर मचाणावरून हवेत बार काढून कळप उठवायचा.