चालू गाडा घेताय? रस आमलेटच्या नव्या मालकासाठी थोडं

गोव्यात आमलेटवर शागोतीचा, म्हणजे भाजलेला नारळ आणि मसाले वाटून केलेला, गरम रस ओतून पावाबरोबर देतात, ते रस आमलेट. वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, असा चालणारा गाडा कोणी सोडतोय आणि तुम्ही घ्यायचं ठरवलंय, तर आधी हे डोक्यात पक्कं करा की तुम्ही पत्र्याचा गाडा घेत नाहीय, तो काय कुठलाही वेल्डिंगवाला बनवून देईल, तुम्ही घेताय तो जुन्या मालकाचा रस. बाकी सगळं त्याच्या मागून.

पण पैसे द्यायच्या आधी कागद बघा. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात विक्रीचं सर्टिफिकेट आणि ठरवून दिलेली जागा दुसऱ्याला विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही, मूळ माणूस वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर मुदत संपेपर्यंत नवरा-बायकोपैकी दुसरं कोणी किंवा त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल चालवू शकतं, बस. त्यामुळे "जागेचे वेगळे द्या" असं कोणी म्हणालं की ते नक्की कशाचे ते विचारा, आणि पालिकेत किंवा पंचायतीत जाऊन तुमच्या नावावर काय होऊ शकतं हे कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, रजिस्ट्रेशनपण जुन्या मालकाच्याच नावाचं असणार, ते काचेवर चिकटलेलं आहे म्हणून तुम्हाला चालत नाही, आपलं नवीन काढा, ऑनलाइन होतं. गॅस १९ किलोचा कमर्शियलच, घरचा लाल सिलिंडर आणायचा नाही. आणि क्यूआर कोड! स्टिकर पहिल्याच संध्याकाळी बदला, नाहीतर आमलेटं तुम्ही तळताय आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यात पडतायत, मग मागत बसा.

आता रस. व्यवहारातच ठरवून घ्या की काही आठवडे तो समोर उभा राहून करणार आणि तुम्ही शेजारी वजनकाटा घेऊन बसणार. त्याला "किती घालता" विचारू नका, तो "अंदाजाने" म्हणणार, त्याच्या मुठीतले धणे कढईत पडायच्या आधी ताटलीत घ्या आणि वजन करा, तसंच खसखस, बडीशेप, दगडफूल, मिरच्या, सगळ्याचं. शागोतीच्या रसात खरी मेख मात्र नारळ भाजण्यात आहे आणि ती काट्यावर येत नाही. कच्चा राहिला तर रस पांढुरका आणि गोडूस होतो, जरा पुढे गेला तर कडवट, आणि तो कडूपणा मग कशानेच जात नाही, म्हणून तो ज्या क्षणी कढई उतरवतो तेव्हाचा फोटो काढून ठेवा, उजेडात. कालचा उरलेला रस आजच्यात मिसळू नका, आणि गाड्यावर टोप मंद आचेवर गरमच राहायला हवा, कोमट नको.

प्लेट लावताना आमलेट आधी, त्यावर रस, मग कांदा, कोथिंबीर, लिंबू. "पात्रांव (मालक), रस घाल मरे आणखी" असं ऐकू येणारच, तेव्हा डाव उचलायचा, वेगळे पैसे लावायचे नाहीत. भाव पाच-दहा रुपयांनी वाढवला तर लोक कुरकुरतात आणि येतात, वरच्या रसाचे पैसे लावले तर येतच नाहीत, माझं तरी हे ठाम मत आहे.

चोरीस पाव, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा पाव, सुरू करायचा मोह होईल, टूरिस्ट त्याला गोव्याचा हॉट डॉग म्हणून शोधत येतात. करा, पण पहिल्या महिन्यात नको, आणि केलात तर त्याची कढई, उलथनं, सुरी सगळं वेगळं आणि गाड्याच्या दुसऱ्या टोकाला. डुकराचं न खाणारी गिऱ्हाइकं बरीच असतात, ती काही बोलत नाहीत, नुसता तवा बघतात आणि पुढच्या गाड्यावर जातात. चोरीसला तेल घालायचं नाही, थोडं पाणी आणि भरपूर कांदा, त्याची चरबी सुटते तेवढी पुरते.

पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, स्वतः भेटा. त्याचा हिशेब जुन्या माणसाशी होता, मालक बदलला हे त्याला दुसऱ्याकडून कळलं तर तो पाव कमी टाकेल किंवा शेवटी टाकेल, आणि शनिवारी आठ वाजता पाव संपलेला गाडा म्हणजे नुसता दिवा लावून उभं राहणं. पाव किती, उंडे (गोल पाव) किती हे आदल्या दिवशी सांगा, पैसे रोजच्या रोज द्या, निदान सुरुवातीला तरी.

बोर्ड, बाकडी, वेळ यातलं काही बदलू नका. रोजचा अंकल "तो खंय गेलो?" (तो कुठे गेला?) विचारणारच, खरं काय ते सांगा, आणि जमलं तर जुन्या मालकाला सुरुवातीचे काही दिवस गल्ल्यावर बसवा.

सोमवारी आणि श्रावणात अंडी खपत नाहीत, तेव्हा चण्याचा रस किंवा पातळ भाजी ठेवा, पण त्याचा डाव वेगळा ठेवा, लोक विचारतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बंद ठेवणार असाल तर आठ दिवस आधी पाटी लावा, आणि पोदेराला त्याच्याही आधी सांगा.