अप्पांचं पुराचं चित्र विकायला काढताना

आमचे अप्पा शाळेत चित्रकलेचे मास्तर. हयात गेली पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवण्यात. तैलरंगाला फक्त रविवार. त्यांचं गंगेच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या, पुराचं चित्र यंदा विकायला काढलं, तेव्हा जे उमगलं ते सांगते.

आधी चित्र उतरवून उलटं करा. प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीतला भाव, कोपऱ्यातल्या पाचरी, सगळं पाठीमागे सापडतं. अप्पांनी साल घातलेलंच नाही. पाठीवर नुसतं ‘दुतोंड्या छातीपर्यंत’. नाशिककराला एवढं पुरे, नदीकाठचा हा दोन तोंडांचा मारुती किती बुडाला यावरच आपण पूर मोजतो. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मात्र ते विक्रीच्या वर्णनात समजावून लिहावं लागतं. धाकट्या भावाने उत्साहात ‘१९६९चा महापूर’ असं टाइप केलं होतं. मी खोडलं. छातीपर्यंत पाणी काय, कितीतरी पावसाळ्यांत चढतं!

माप आतल्या चित्राचं वेगळं, फ्रेमचं वेगळं लिहा. आधी उंची, मग रुंदी. आमचं १८ बाय २४ इंच, फ्रेमसकट २२ बाय २८. फोटो सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून. एक फोटो बाजूने येणाऱ्या उजेडात काढा, म्हणजे रंगाचे थर आणि भेगा दोन्ही दिसतात. भेगा लपवू नका, पार्सल परत येतं.

पुसायचं तर मऊ कोरड्या ब्रशने. बटाटा, कांदा, पाव चोळायला सांगणारे भेटतील. ऐकून घ्या, करू नका. आणि काच नको. एका फ्रेमवाल्याने आमच्या चित्राला काच थेट रंगावर टेकवून बसवली. दोन पावसाळ्यांत आत बुरशी, आणि काच काढताना आभाळाचा टवका तिच्याबरोबर निघाला. तो टवकाही मी वर्णनात लिहिला. तैलचित्राला व्हार्निश पुरतं, तेही रंग पुरता वाळल्यावर. थर जाड असेल तर सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं.

चित्रकाराबद्दल सहा-सात ओळी लिहा. ‘थोर’, ‘उपेक्षित’ असले शब्द गाळा. कुठे शिकले, पोटाला काय केलं, हे चित्र कुठे उभं राहून काढलं, एवढं सांगा. शेवटचं मला ठाऊक नव्हतं, आईला विचारलं. म्हणाली, “होळकर पुलावर. छत्री मी धरली होती, हात भरून आला होता. ते पेन्सिलीने भराभरा टिपत होते, रंग घरी येऊन.” साल तिलाही आठवेना. हे वाक्य मी जसंच्या तसं घातलं, आणि पहिला फोन त्यावरूनच आला.

पावतीवर कॉपीराइटचं लिहून ठेवा. चित्र विकल्याने तो आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही. लिहून दिलेला नसेल तर चित्रकार गेल्यावरही ६० वर्षं वारसांकडे राहतो. नाहीतर अप्पांचा पूर कुणाच्या तरी कॅलेंडरवर.

बांधताना रंगावर आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप. बबल रॅप थेट लावला तर त्याचे फोड रंगावर उमटतात. आईने छत्रीची गोष्ट स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिली. ती मागच्या लाकडी पट्टीला चिकटवली. कॅनव्हासला डिंक लावू नका.