नेग्रिलला जाण्याआधी: बॅगेत सगळ्यात वर सनस्क्रीन

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं एप्रिलमध्ये जमैकाला गेलो होतो, नेग्रिलला. फक्त मोठ्या माणसांचं रिसॉर्ट, आणि किनाऱ्याच्या एका भागात कपडे घालायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुलं आजी-आजोबांकडे, न्यू जर्सीत एडिसनला. पाच रात्रींची सुट्टी होती, त्यातल्या तीन रात्री मी पालथी झोपून काढल्या, कारण पहिल्याच दिवशी पाठ, कुल्ले आणि मांड्यांची मागची बाजू उन्हाने पोळून निघाली. सनस्क्रीनची छोटी ट्यूब होती, चेहऱ्यापुरती. बाकी अंगाला लावायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आता येत्या एप्रिलला परत जातोय, तेव्हा ही यादी आधी स्वतःसाठी लिहिली आणि मग वाटलं, जाणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल.

पासपोर्ट, तिकीट, रिसॉर्टचं बुकिंग हे सांगायला नको. सांगायचंय ते व्हिसाचं, कारण इथे आपली माणसं हमखास अडकतात. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला असेल तर जमैकाहून परत येता येणार नाही. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत यायची जी सवलत आहे, ती कॅरिबियन बेटांसाठी फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना मिळते, एच-वन-बीला नाही. 'चार दिवसांचं तर काम आहे' असं म्हणून निघू नका. भारतातून येणाऱ्यांना थेट विमान नाही, आणि अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर नुसत्या ट्रान्झिटलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. जमैकात शिरताना लागणारा सी-फाइव्ह फॉर्म ऑनलाइन आधीच भरून ठेवा.

कधी जायचं? चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्यात स्वस्त मिळतं म्हणून जाणार असाल तर रद्द करण्याचे पैसे परत देणारा विमा काढा. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा वादळ बेटाच्या याच बाजूला, वेस्टमोरलँडमध्ये किनाऱ्याला धडकलं. बुकिंग करताना फोन करून विचारा की किनारा, स्वयंपाकघर, खोल्या सगळं चालू आहे ना. ईमेलवर भागवू नका.

आणि आता सनस्क्रीन.

नकाशा काढून बघा. नेग्रिल साधारण 18 अंश उत्तरेला आहे, म्हणजे जवळपास आपल्या अलिबागच्या रेषेत. मीही हाच विचार केला होता. ऊन आपलंच, कातडी आपलीच, लहानपणी मे महिन्यात दिवसदिवसभर किनाऱ्यावर हुंदडलोय, काय होतंय! ऊन खरंच आपलंच आहे. पण अलिबागला आपण अंगभर कपड्यात असतो. ज्या कातडीने जन्मापासून ऊन पाहिलेलं नाही, तिला सावळेपणाचा फारसा आधार नसतो. त्यात न्यू जर्सीचा हिवाळा सहा महिने स्वेटरच्या आत काढलेला. एप्रिलच्या शेवटी तिथे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या जळवणाऱ्या किरणांचं माप, 11 च्या वर जातो, आणि समुद्राचा वारा इतका सुखाचा असतो की भाजतंय हे कळतच नाही. मी छत्रीखाली होते, तरी भाजले. पांढरी वाळू आणि पाणी ऊन खालून परत फेकतात.

संध्याकाळी सहाला आंघोळीला गेले आणि पाण्याचा पहिला थेंब पाठीवर पडताच ओरडले. आरशात पाहिलं तर पाठ विटकरी लाल, आणि मंगळसूत्र मागे टाकून झोपले होते म्हणून दोन खांद्यांच्या मधे त्याची बारीक, फिकट रेघ तशीच राहिलेली. काळ्या मण्यांचे ठिपकेसुद्धा मोजता येत होते. रात्री अंगावर चादर नको, कमरेला नाडी नको, नवऱ्याचा हातही नको. लग्नाच्या वाढदिवसाची सहल, आणि हा बिचारा रात्रभर पंचा गार पाण्यात भिजवून माझ्या पाठीवर घालतोय.

तेव्हा नीट ऐका. दोघांना मिळून पाच दिवसांसाठी मोठ्या बाटल्या घ्या, एक नाही, तीन-चार. अंगावर पोहण्याचे कपडे असताना एका वेळी साधारण 30 मिलिलिटर लागतं असं सांगतात, आणि इथे तर कपडेच नाहीत. म्हणजे दर वेळी प्रत्येकी लहान वाटीभर धरा. एसपीएफ 50 घ्या. 30 ही चालेल, तो जळवणारी किरणं साधारण 97 टक्के अडवतो आणि 50 वाला 98, पण आपण नेहमी कमीच लावतो. जे लावायचं ते बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं, खोलीतच, कपडे काढून. दर दोन तासांनी परत. पाण्यातून बाहेर आलात, टॉवेलने पुसलंत, की परत. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाण्यात 40 किंवा 80 मिनिटं टिकणारं, दिवसभर नव्हे. झिंकवालं घेतलंत तर सावळ्या अंगावर पांढरट थर दिसतो, घरी हातावर लावून बघा. कॅरिबियनमधलं दुसरं बेट निवडणार असाल तर बाटलीवरची रसायनं वाचा. यूएस व्हर्जिन आयलंड्सने प्रवाळांसाठी 2020 पासून ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन बंद केलंय. केबिन बॅगेत 100 मिलिलिटरच्या वरची बाटली नेता येत नाही, तेव्हा चेक-इनची बॅग घ्याच. मी त्या एका छोट्या ट्यूबवर समाधान मानलं ते बॅगेचे पैसे वाचवायला. रिसॉर्टच्या दुकानातली बाटली आपल्या दुकानातल्या बाटलीच्या दुप्पट-तिपटीने पडली, आणि तोवर उशीर झाला होता.

कुठे लावायचं तेही सांगते, कारण सवय नसल्याने हात तिथे जातच नाही. कुल्ले. मांड्यांची आतली आणि मागची बाजू. छातीखालची कड. काख. कंबरेची ती पट्टी जिथे एरवी नाडी किंवा बेल्ट असतो. पावलांची वरची बाजू, कानांमागे, भांग. पुरुषांनी लाजू नये, सगळीकडे लावावं. पाठीचं एकमेकांनी लावायचं, आणि घाईत नाही.

बाकीची औषधं: कोरफडीचं जेल, ओआरएस, तापाच्या गोळ्या. फोड आले, थंडी वाजली, ताप चढला तर रिसॉर्टच्या नर्सकडे जा, तोंड दाबून बसू नका. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं चालू असतील तर ऊन जास्त बाधतं, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी उरकून घ्या, आदल्या दिवशी नको. ताज्या वॅक्सवर खारं पाणी आणि ऊन एकत्र म्हणजे आगच. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आणि अंग उघडं असतं. डास-माशांचं औषध सनस्क्रीनच्या नंतर, वरून लावायचं.

मंगळसूत्र आणि सोनं घरी ठेवा. आईला काय सांगू, असा प्रश्न पडला असेल तर 'समुद्रात जाणार आहे, हरवेल' हे पुरेसं आहे आणि खरंही आहे.

आता दोघांचं बोलणं. हे विमानात नाही, घरी, मुलं झोपल्यावर एका निवांत रात्री. कोण किती मोकळं होणार, पहिल्या दिवशी की तिसऱ्या, की अजिबात नाही. दोघांचं उत्तर एकच असायला हवं असं नाही. मी पहिल्या दिवशी दुपारी, हा दुसऱ्या दिवशी सकाळी. रिसॉर्टलाही विचारून घ्या, कारण 'ऐच्छिक' आणि 'नग्न' यात फरक असतो. काही ठिकाणी एका भागात कपडे घालून बसायलाच परवानगी नसते. अशा ठिकाणी येणाऱ्या काही जोडप्यांना आणखी ओळख वाढवायची असते, विचारणा होऊ शकते. सभ्यपणे विचारतात, आणि 'नाही, थँक यू' म्हटलं की विषय संपतो. पण ते 'नाही' तुम्ही दोघांनी आधी ठरवलेलं असू द्या, म्हणजे तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नाही. आम्ही एक खूण ठरवली होती: हाताचं कोपर दोनदा दाबलं की उठायचं, कारण नंतर सांगायचं. एकदाच वापरली, पण तिच्यामुळे पाचही दिवस मन निवांत होतं.

पुरुषांच्या मनातली एक भीती इथेच सांगून टाकते, कारण ती कुणी विचारत नाही. भलत्या वेळी शरीराने दगा दिला तर? मांडीवर टॉवेल घ्या किंवा पाण्यात जा, बस्स. याच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या पंधरा मिनिटांनंतर ती भीती गेली, कारण कुणी कुणाकडे बघतच नाही. तिथे बहुतेक लोक पन्नाशी-साठीतले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या, पोटावर ऑपरेशनची लांब आडवी खूण, अगदी माझ्यासारखी. त्यांनी मान वर करून विचारलं, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, दोन्ही. मग त्या परत कोड्याकडे वळल्या. बारा वर्षं जी खूण मी नवऱ्यासमोरसुद्धा दिवा बंद करून झाकत होते, ती त्या दुपारी विसरले. एवढ्यासाठी तरी जा, पण अंगाला सनस्क्रीन लावून जा. मी नेमकी त्याच दुपारी भाजले.

टॉवेलचा नियम पाळा. उघड्या अंगाने खुर्चीवर बसायचं नाही, आधी टॉवेल पसरायचा, नेहमी. रिसॉर्ट टॉवेल देतंच, पण आपले दोन पंचे न्या, लवकर वाळतात. जेवायच्या जागी अंगावर काहीतरी लागतं, त्यासाठी सुती लुंगी किंवा जुन्या साडीचा तुकडा सगळ्यात उत्तम, पोळलेल्या अंगालाही सोसतो. रात्रीच्या जेवणाला पुरुषांना काही ठिकाणी लांब पँट लागते. किनाऱ्याच्या त्या भागात फोन काढायचा नाही, खिशातूनसुद्धा नाही, फोटोचा संशय आला तरी बाहेर काढतात. घरच्या ग्रुपवर टाकायचे फोटो पहिल्याच संध्याकाळी कपड्यात, सूर्यास्तासमोर काढून घ्या.

रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर कपड्यांशिवाय फिरणं गुन्हा आहे. किनारा सलग दिसतो म्हणून चालत सुटू नका. आणि लष्करी छापाचे कपडे, म्हणजे ते हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे, जमैकात सामान्य माणसाला घालायला बंदी आहे. तसली टोपी किंवा हाफ पँट बॅगेतून काढून टाका.

विमानतळ 'माँटेगो बे' या शहरातला. तिथून नेग्रिल साधारण दीड तास, गाडी आधीच ठरवा. गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्या. टिपेसाठी एक-एक डॉलरच्या नोटा न्या. रिसॉर्ट टिप घेऊ देत नसेल तरी ड्रायव्हरला लागतात. वीज 110 व्होल्ट, अमेरिकेचाच प्लग.

शाकाहारी असाल तर काळजी नको. कलालू म्हणून भाजी मिळते ती आपल्या माठाच्याच घराण्यातली, चवीला तशीच. रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या लोकांचं 'इटल' जेवण बहुतेक शाकाहारीच असतं. अॅकी हे तिथलं भाजीसारखं शिजवून खायचं फळ मागताना मात्र खारा मासा नको म्हणून सांगा. रोटी आणि करी तिथे आपल्याकडच्याच मजुरांनी नेलीय, 10 मे 1845 ला पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं तेव्हापासून. 'गांजा' हा शब्दही तसाच राहिलाय. 2015 पासून दोन औंसांपर्यंत जवळ बाळगल्यास अटक नाही, नुसता दंड. पण व्हिसावर राहणाऱ्यांनी हातही लावू नये, आणि परतीच्या बॅगेत तर कणभरही नको.

परतीच्या दिवसाचं थोडक्यात: सैल सुती कुर्ता वर ठेवा, ओले पंचे वेगळ्या पिशवीत, रमची बाटली चेक-इनमध्ये, विमानतळावर तीन तास आधी. मुलांसाठी काहीतरी घ्या. विमानात चार तास खुर्चीला पाठ टेकवून बसायचंय, गेल्या वेळी मी पुढे वाकून बसले होते. उरलेलं सनस्क्रीन घरी आणून कपाटात ठेवू नका. उन्हात तापलेली बाटली पुढच्या वर्षी कामाची नसते. तिथेच कुणाला तरी देऊन या, आणि पुढच्या वेळी नवी घ्या, मोठी, तीन-चार.