सौदा अडला की पत्ता फुकट द्या

पावसाळ्यातल्या रविवारी परळला किंवा बोरिवलीला कुणाच्या हॉलमध्ये चार-पाच मित्र जमलात, तर जर्मन खेळकार उवे रोझेनबर्ग यांचा १९९७ सालचा ‘बोहनान्झा’ जरूर काढा: वेगवेगळ्या जातींच्या शेंगांचे (बीन्सचे) पत्ते समोरच्या ‘शेतात’ पेरायचा हा पत्त्यांचा खेळ. घासाघिशीचा इतका खेळकर खेळ दुसरा क्वचितच मिळेल.

हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलायचा नाही, हा या खेळाचा जीव. पाळी आली की पहिला पत्ता पेरावाच लागतो आणि सुरुवातीला शेतं दोनच, एका शेतात एकच जात. मग गठ्ठ्यातून आणखी दोन पत्ते उघडतात. तेही कुणाच्या तरी शेतात जायलाच हवेत, आणि इथेच नवखे अडून बसतात. “एकाच्या बदल्यात दोन दे, तरच!” समोरचा नाही म्हणतो. मग तो नकोसा पत्ता आपल्याच शेतात पेरायचा, त्यासाठी बहरात आलेलं पीक अर्ध्यावर उपटायचं. त्यापेक्षा सरळ म्हणा, “घे रे, फुकट घे.” नियमात दान चालतं, पीक वाचतं आणि पुढच्या फेरीत तोच मित्र तुमच्याशी आधी बोलतो.

भाव ठरवताना पत्त्यावरचा आकडा बघा: त्या जातीचे एकूण पत्ते तेवढे. ब्लू बीन २०, गार्डन बीन फक्त ६. सहा आकड्याच्या पत्त्याच्या बदल्यात दोन पत्ते मागितले तर त्यात काही वावगं नाही.

सौदे फक्त ज्याची पाळी त्याच्याशीच करायचे, बाकीच्यांनी आपसात नाही. आणि कुणाला शेवटची लोकल गाठायची असेल, तर प्रत्येक पाळीला मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावा.