या चुका टाळा: होम थिएटरचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेताना

कोल्हापुरात ‘डॉल्बी’ म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढं येते. रिसीव्हरवर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरवर) छापलेलं डॉल्बी ही वेगवेगळ्या चॅनेलचा आवाज साठवायची आणि उलगडायची पद्धत आहे, दणक्याशी तिचा संबंध नाही. पण दुकानात शिरणाऱ्याच्या डोक्यात ती भिंतच असते, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॉटचा आहे?"

खोक्यावरच्या ‘१०,००० वॉट पीएमपीओ’ला (क्षणभराच्या फुगवलेल्या आकड्याला) काडीची किंमत देऊ नका. कट किती लाल आहे हे बघून मिसळीची चव ठरवण्यातला तो प्रकार. मागचा फ्यूज बघा. १ ॲम्पिअरचा असेल तर २३० व्होल्टवर ते यंत्र सलग २३० वॉटच्या वर ओढूच शकत नाही, आणि नेहमीच्या एबी क्लासच्या ॲम्प्लिफायरात त्यातला बराच भाग हीटसिंक तापवण्यात जातो. चांगल्या रिसीव्हरच्या जाहिरातीही धुतल्या तांदळासारख्या नसतात. मोठ्या अक्षरात १५० वॉट, खाली बारीक अक्षरात ‘१ चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन’, म्हणजे एकच चॅनेल, एकच सूर आणि दहा टक्के बिघडलेला आवाज. तुम्ही वाचायची ओळ अशी असते: ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, २ चॅनेल, ०.०८ टक्के’. तिथं आकडा बराच खाली येतो. पाचही चॅनेल एकदम चालवले तर आणखी खाली.

आणि मुळात वॉट नंतर बघायचे, आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉटवर १ मीटर अंतरावर तो किती डीबी (डेसिबल) आवाज देतो ते. ८४ डीबीच्या स्पीकरला २०० वॉट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढाच ९० डीबीचा स्पीकर ५० वॉटमध्ये देतो, कारण दर ३ डीबीला वॉट दुप्पट लागतात. आकडा १ वॉटवर दिलाय की २.८३ व्होल्टवर, तेही बघा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट झाले, तिथं ३ डीबी वजा धरायचे. १२ बाय १५ च्या हॉलमध्ये १० फुटांवर बसणाऱ्याला ८७ डीबीच्या स्पीकरवर नुसते संवाद ऐकायला १ वॉटही पुरतो. स्फोटाच्या क्षणाला मात्र ५०-१०० लागतात. तेवढा दम ॲम्प्लिफायरमध्ये नसताना व्हॉल्यूम पिळत बसलं की सिग्नल वर-खाली छाटला जातो आणि ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जळतो. स्पीकर वॉट जास्त झाल्यानं जळतात हे अर्धंच खरं. घरात बरेचदा ते कमी पडल्यानं जळतात.

आता ओहम, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते. ही चूक सगळ्यात जास्त पैसे खाते.

राजारामपुरीतल्या एका फ्लॅटचा किस्सा घ्या. रिसीव्हर वीस मिनिटं झकास चालायचा आणि ऐन मारामारीत बंद पडायचा. थंड झाला की परत चालू. एका मेकॅनिकनं आयसी बदलायला सांगितला, दुसऱ्यानं व्होल्टेजला दोष दिला; स्टॅबिलायझरही आला. दोष वायरीत होता. समोरच्या स्पीकरच्या टर्मिनललाच मालकांनी डायनिंगमध्ये जुने दोन टॉवर (उभे उंच स्पीकर) जोडले होते. वाया कशाला घालवायचे, एवढाच विचार! ६ ओहमला ६ ओहम पॅरलल म्हणजे ३ ओहम. करंट दुप्पट, रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल. प्रोटेक्शन (रिसीव्हर जळू नये म्हणून त्याला आपोआप बंद करणारी सोय) पडणारच.

हे शोधायला पाच मिनिटं लागतात. रिसीव्हर बंद करा, स्पीकरच्या वायरी मागून सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकं मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ६.५ दाखवतो, ६ ओहमचा ४.५ ते ५. तिथं अडीचच्या आसपास दिसलं की कुठंतरी दोन जोडलेत. शून्याजवळ आलं तर स्पीकरच्या टर्मिनलवर वायरीची एखादी तार शेजाऱ्याला टेकलीय. दुसऱ्या खोलीसाठी झोन २ (रिसीव्हरचा वेगळा आउटपुट) वापरा किंवा छोटा वेगळा ॲम्प्लिफायर घ्या. मेनूत ‘४ ओहम’ निवडून प्रश्न सुटत नाही. बहुतेक रिसीव्हर तिथं आतला व्होल्टेज कमी करतात, म्हणजे दम आणखी गेला. रिसीव्हरच्या डोक्यावर चार-पाच इंच जागा मोकळी ठेवा. रुमाल टीपॉयवर शोभतो.

वायर: सर्राउंडसाठी (बाजूच्या-मागच्या स्पीकरसाठी) १० मीटर जायचं असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची, निव्वळ तांब्याची. ०.५ ची घातली तर जाऊन-येऊन जवळपास ०.७ ओहम वायरीतच जातो. तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे.

सेंटर स्पीकरवर पैसे वाचवू नका. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. समोरच्या जोडीच्याच मालिकेतला घ्या, टीव्हीखाली ठेवला तर तोंड कानाकडं वर करा.

जोडीतल्या एकाच स्पीकरचं लाल-काळं उलटलं तर बास गायब होतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: प्लसला प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो.

सबवूफर ‘जिथं जागा आहे तिथं’ ठेवायचा नसतो. तो सोफ्यावर ठेवा, ढोलाचा ठोका असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत ऐका. जिथं ठोका घट्ट आणि सारखा लागतो तिथं सब. घरचे हसतील, हसू देत. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडं जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा खटका सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर एकच सूर दोनदा कापला जातो.

मागचे स्पीकर मुके असतील तर स्पीकर बदलायच्या आधी टीव्हीत ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’वर करा; ‘पीसीएम’वर बरेचदा दोनच चॅनेल पोचतात. आणि वायर एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं पाठवणारी सोय) लिहिलेल्याच एचडीएमआयला आहे ना, बघा.

घूंऽऽ असा आवाज सतत येत असेल तर केबलची किंवा डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप (दोन वेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे: सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, केबलला आयसोलेटर (तो करंट अडवणारा जोड) लावा. अर्थिंगची पिन मोडून हा आवाज जातो हे खरंय, आणि पुढं एखाद्या दिवशी रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झटका बसतो हेही.

राहिली खोली. फरशी, काच आणि कोऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. टणटण परत आली तर महागडा सेटही कर्कश वाजणार. स्पीकर आणि सोफ्याच्या मधे जाड सतरंजी टाका, खिडकीला दुहेरी पडदे, मागच्या भिंतीवर चार बोटं अंतर सोडून घोंगडं टांगा. बासला त्याचा उपयोग नाही, पण संवादातले स आणि श लगेच मऊ होतात.