संहिता वाचणार कोण? पटकथा स्पर्धा पारखून कशी घ्यावी

दीड-दोन वर्षं घासून पटकथा पूर्ण होते आणि मग ती दाखवायची कुणाला, हा प्रश्न उभा राहतो. मुंबईत ओळखपाळख नसलेल्या, नांदेड, सांगली किंवा सावंतवाडीत बसून लिहिणाऱ्यासाठी तर तो फारच मोठा असतो. निर्मात्याच्या ऑफिसात नॅरेशनला, म्हणजे कथा वाचून दाखवायला, वेळ मिळत नाही, ईमेलला उत्तर येत नाही. अशात ‘तुमची पटकथा पाठवा, नामवंत दिग्दर्शक वाचतील’ अशी जाहिरात दिसली की माणूस पैसे भरून मोकळा होतो.

मीही भरले होते. सर्व भारतीय भाषांसाठी खुली असलेली स्पर्धा, प्रवेश शुल्क दीड हजार. अंतिम मुदत तीनदा वाढली. चार महिन्यांनी ‘पहिल्या पन्नासांत निवड’ असा मेल आला आणि अभिनंदनाच्या खालीच मार्गदर्शन सत्र व प्रमाणपत्रासाठी आणखी आठ हजार मागितलेले. मी ते भरले नाहीत, फक्त परीक्षकांचा शेरा मागितला. माझ्या पटकथेतली किरण ही बावन्न वर्षांची अंगणवाडी सेविका आहे. चार ओळींच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘किरणचं पात्र छान उतरलं आहे, पण त्याचा संघर्ष दुसऱ्या अंकात आणखी खुलायला हवा.’ त्याचा! पहिलं पानसुद्धा कुणी उघडलं नव्हतं. दीड हजार गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हापासून कुठल्याही स्पर्धेकडे मी एकाच प्रश्नाने पाहते: माझी संहिता वाचणार कोण? बक्षीस एकाला मिळतं. उरलेल्या सगळ्यांनी पैसे मोजलेले असतात ते कुणीतरी नीट वाचावं यासाठी. खाली जे सांगते आहे ते या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठीच.

पायरी १ : आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा

‘स्पर्धा’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप १९८६ पासून दिली जाते. त्यात जास्तीत जास्त पाच लेखकांना प्रत्येकी ३५ हजार डॉलर मिळतात, पण अट अशी की वर्षभरात नवी पटकथा लिहायची. संहितेवर अकादमी कुठलाही हक्क सांगत नाही. मात्र पटकथा इंग्रजीत लागते, आणि २०२५ पासून थेट अकादमीकडे अर्ज करण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. आता ‘द ब्लॅक लिस्ट’ या पटकथांच्या संकेतस्थळासारख्या भागीदार संस्थांमार्फत जावं लागतं. म्हणून जुने लेख वाचून तयारी करू नका.

एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, स्क्रीनरायटर्स लॅब वेगळ्या जातीची आहे. तिथे निवडलेल्या लेखकांसोबत अनुभवी मार्गदर्शक बसतात, संहिता पुन्हा लिहून घेतात, आणि मग नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बझार (आता ‘वेव्हज फिल्म बझार’) या चित्रपट-बाजारात निर्मात्यांसमोर ती मांडता येते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड लेखनासाठी अनुदान देतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला त्याचा आधार मिळाला होता. चौथा प्रकार म्हणजे निर्मितीसंस्थेने स्वतःसाठी कथा शोधायला भरवलेली स्पर्धा.

पैसा, मार्गदर्शन, निर्मात्याची भेट की लिहून पूर्ण करायला एक तारीख? यातलं तुम्हाला काय हवंय ते कागदावर लिहा. ‘सगळंच’ असं उत्तर आलं तर अजून थांबा, कारण मग कुठलीही जाहिरात आपल्यासाठीच आहे असं वाटत राहतं.

पायरी २ : जुने विजेते गाठा

पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका होते तेव्हा सभागृह भरलेलं असतं. निकाल पटला नाही तर लोक तिथेच बोलतात, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा वाद झाला! पण वाद घालता आला, कारण प्रयोग उघड झाले होते आणि परीक्षक कोण हे माहीत होतं. पटकथा स्पर्धेत दुसऱ्याची संहिता आपल्याला दिसत नाही. तिथे पारख करायला मागे उरतात ते फक्त विजेते.

म्हणून गेल्या तीन वर्षांची नावं काढा. नुसते फोटो आणि ‘विजेता क्रमांक १’ असेल, पूर्ण नाव आणि संहितेचं शीर्षक नसेल, तर तिथेच शंका घ्या. नावं मिळाली तर आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर शोधा. त्यांचा चित्रपट झालाच पाहिजे असं नाही, चांगल्या संहितेलाही वर्षानुवर्षं लागतात. पण ती व्यक्ती खरी आहे का, लिहिते आहे का, एवढं कळतं. मग इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइनवर सरळ, नम्रपणे विचारा: बक्षिसाची रक्कम पूर्ण मिळाली का आणि किती दिवसांनी? जाहिरातीत सांगितलेल्या माणसांशी खरंच भेट झाली का? पुन्हा पाठवाल का? लेखक लेखकाला उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचून जिंकू न शकलेल्या एखाद्याला जरूर विचारा. विजेत्याकडे कौतुक असतं, त्याच्याकडे तपशील असतात.

वेबॅक मशीनवर स्पर्धेच्या संकेतस्थळाची जुनी पानं दिसतात. मागच्या वर्षी जाहीर केलेलं बक्षीस निकालाच्या वेळी तेवढंच होतं का, परीक्षकांची नावं मध्येच गायब झाली का, हे दहा मिनिटांत कळतं.

फिल्मफ्रीवेसारख्या पोर्टलवर स्पर्धा आहे म्हणजे ती कुणीतरी तपासून घेतली आहे, असं धरू नका. ते अर्ज पाठवायचं दुकान आहे. आणि नावांवर तर अजिबात जाऊ नका. नावात ‘कान’ आहे म्हणून मे महिन्यात फ्रान्समध्ये होणाऱ्या कान चित्रपट महोत्सवाशी संबंध असतोच असं नाही. खुद्द कान महोत्सवातला पटकथेचा पुरस्कार तिथे स्पर्धेत दाखवलेल्या चित्रपटाला मिळतो, चित्रीत न झालेल्या संहितेला नाही. दर महिन्याला चाळीस विभागांत पुरस्कार वाटणाऱ्या आणि मग चषक, प्रमाणपत्र विकणाऱ्या ‘महोत्सवां’चं दोन डहाळ्यांचं मानचिन्ह (लॉरेल) पोस्टरवर छान दिसतं. निर्माता त्याकडे बघतही नाही.

पायरी ३ : वाचनाचा हिशेब मांडा

समजा दोन हजार संहिता आल्या. शंभर पानांची एक, म्हणजे दोन लाख पानं. मिनिटाला एक पान धरलं तरी तीन हजार तीनशेहून जास्त तास. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस वाचणारी सोळा-सतरा माणसं महिनाभर लागतील. जाहिरातीतले तीन नामवंत हे करणार नाहीत. ते शेवटच्या पाच-दहा संहिता वाचतात, आणि त्यात गैर काही नाही. तुमचं नशीब ठरतं पहिल्या फेरीत.

म्हणून आयोजकांना मेल करून विचारा: पहिल्या फेरीचे वाचक कोण? त्यांना मानधन मिळतं का? पूर्ण संहिता वाचतात की पहिली दहा पानं? एका संहितेला किती वाचक? मराठीत लिहिलेली संहिता मराठी वाचणाराच वाचतो ना? हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ‘सर्व भाषा’ म्हणणाऱ्या कित्येक ठिकाणी मराठी वाचणारं कुणी नसतं, मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद तर दूरच. चांगले आयोजक या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देतात. ‘आमची प्रक्रिया गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर मी तिथे पाठवत नाही.

पायरी ४ : नियम व अटी छापून घ्या आणि पेन घेऊन बसा

इथे घाई करू नका, अख्खी संध्याकाळ द्या.

सर्वांत घातक वाक्य साधारण असं असतं: ‘प्रवेशिका सादर केल्याने स्पर्धक आपल्या साहित्याचे सर्व माध्यमांतील, जगभरातील, कायमस्वरूपी हक्क कोणत्याही मोबदल्याविना आयोजकांना देत आहे.’ शब्द सुटे करून पाहा. ‘सादर केल्याने’ म्हणजे जिंकायचीही गरज नाही. ‘सर्व माध्यमांतील’ म्हणजे चित्रपट, वेबमालिका, नाटक, कादंबरी, सगळं. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘मोबदल्याविना’ यांना तर स्पष्टीकरणच नको. असं वाक्य दिसलं की बक्षीस कितीही असो, पान मिटा.

याउलट ‘विजेत्या संहितेवर पहिली बोली लावण्याचा हक्क आयोजकांना सहा महिने राहील’ अशी अट असेल तर ती विचार करण्याजोगी आहे. मुदत ठरलेली आहे, ती फक्त विजेत्याला लागू आहे आणि पैसे वेगळ्या कराराने ठरणार आहेत. बक्षिसाची रक्कम हीच संहितेची किंमत, असं मात्र कुठे लपलेलं नाही ना, ते बघा.

‘आमच्याकडे तुमच्या कथेशी साम्य असलेलं दुसरं साहित्य असू शकतं, त्याबाबत दावा करता येणार नाही’ हे वाक्य वाचून नवे लेखक घाबरतात. ते मोठ्या, प्रामाणिक स्पर्धांतही असतं, कारण हजारो कथांत खरंच साम्य निघतं. त्यावरून एकदम नकार देऊ नका. पण त्याला जोडून ‘तुमच्या कल्पनेचा वापर करण्याची मुभा’ मागितली असेल तर ती सरळ नाकारा.

कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. पण हे करारात काही लिहिलेलं नसेल तेव्हाचं आहे. जे स्पष्ट लिहिलंय आणि तुम्ही मान्य केलंय, त्यातून सुटणं अवघड.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा: नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितलं. कल्पना कुणाचीही असू शकते, संरक्षण मिळतं ते ती मांडण्याच्या पद्धतीला. म्हणून पूर्ण संहिता मागणाऱ्या स्पर्धेपेक्षा फक्त ‘वनलाइन (एका ओळीत कथा) आणि अर्धं पान’ मागणाऱ्या स्पर्धेत लेखक जास्त उघडा पडतो. लोकांना नेमकं उलटं वाटतं.

पायरी ५ : शुल्काचा ताळेबंद

शुल्क आहे म्हणून स्पर्धा वाईट ठरत नाही. वाचणाऱ्याला मानधन द्यायचं तर पैसे लागतातच. पण दीड हजार रुपये गुणिले दोन हजार प्रवेशिका म्हणजे तीस लाख. एकूण बक्षीस एक लाख असेल आणि वाचक कोण ते सांगत नसतील, तर उरलेले पैसे कशावर जातात हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. परदेशी स्पर्धेचे पन्नास डॉलर म्हणजे चार हजार रुपयांहून जास्त, वर कार्डाचे परकीय चलनाचे आकार. मराठी संहिता इंग्रजीत करून घ्यायचा खर्च त्याहून मोठा.

मी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि ती संपली की त्या वर्षी स्पर्धा बंद. निवड झाल्यावर पैसे मागणाऱ्या ठिकाणी तर एक रुपयाही देत नाही.

पायरी ६ : पाठवण्याआधी नोंद करा

किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची मूळ कथा बिप्लब गोस्वामी यांची. सिनेस्तान या कंपनीच्या २०१८ च्या पटकथा स्पर्धेत ती उपविजेती ठरली. परीक्षकांत आमिर खान, राजकुमार हिरानी, जुही चतुर्वेदी आणि अंजुम राजाबली होते, म्हणजे वाचणारा कोण याचं उत्तर तिथे उघड होतं. चित्रपट आला १ मार्च २०२४ रोजी, म्हणजे सहा वर्षांनी. २०२५ मध्ये एका परदेशी लघुपटाशी साम्य असल्याचा आरोप झाला, तेव्हा गोस्वामींनी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेतल्या नोंदी पुढे केल्या: सविस्तर सारांश जुलै २०१४ चा, ‘टू ब्राइड्स’ नावाची पूर्ण पटकथा जून २०१८ ची. दहा-अकरा वर्षांपूर्वीची ती नोंद त्या दिवशी कामाला आली.

मुंबईत अंधेरीला असलेल्या या संघटनेचं सदस्यत्व घेऊन घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. हवं असेल तर कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृतीची नोंद ५०० रुपयांत करता येते. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा असतो. नोंद लागते ती तारखेच्या पुराव्यासाठी. आधी सारांश नोंदवा, मग पूर्ण ड्राफ्ट, आणि मोठा बदल केलात तर नवा ड्राफ्ट पुन्हा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून न उघडता ठेवण्याच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका.

पायरी ७ : पाठवल्यावर

एक साधी वही किंवा एक्सेल शीट ठेवा: कुठली स्पर्धा, कुठला ड्राफ्ट, कधी पाठवला, किती पैसे, निकालाची तारीख. नियमांचं पान त्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा, ते नंतर बदलतं. निकाल, निवडीचे मेल हेही उतरवून घ्या. कव्हरफ्लाय हे पटकथालेखकांचं मोठं व्यासपीठ २०२५ मध्ये बंद झालं. अशा वेळी तिथलं यश दाखवायला आपल्याकडची प्रतच उरते.

शेरा आला तर तो आपल्या संहितेवर ठेवून पाहा. त्यात एखाद्या प्रसंगाचा, पान क्रमांकाचा, पात्राच्या एका वाक्याचा उल्लेख आहे का? ‘दुसरा अंक संथ वाटतो’ हे कुठल्याही पटकथेला चालतं. ‘बेचाळिसाव्या पानावर किरण पोषण आहाराचं रजिस्टर मुद्दाम चुकीचं भरते, पण तिला भीती कशाची आहे ते आधी कळलेलं नाही’, असा शेरा मला नंतर एका लहानशा स्पर्धेतून आला. ती स्पर्धा मी हरले. तो प्रसंग मात्र मी पुन्हा लिहिला, आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा पाठवलं.